सेल्फ ‘टक्’ करतो पण फिरत नाही: मोटर बदलण्याआधी काय मोजायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००८ची पल्सर १५०, भरपूर चाललेली. सकाळी बटण दाबले की बाजूच्या कव्हरमागून एकच ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन जागचे हलत नाही. दोन-तीनदा दाबल्यावर कधी सेल्फ लागतो, कधी लागत नाही. बॅटरी चार महिन्यांपूर्वी नवी टाकली आहे, हॉर्न खणखणीत वाजतो आणि किकला गाडी लगेच सुरू होते. गॅरेजमध्ये सेल्फची मोटर बदलायला सांगितले आहे. बदलावी का?

अजून बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत मोटर संशयित आहे, पण एकटी नाही. रिलेचे (बटण दाबल्यावर मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले संपर्क जळणे, मोटरकडे जाणारी जाड वायर आतून कुजणे, इंजिनाचे अर्थिंग (करंट बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी जोडणी) सैल होणे आणि मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) झिजणे, या चारही दोषांत हाच ‘टक्’ ऐकू येतो. कोणता दोष आहे हे मल्टीमीटरने अर्ध्या तासात कळते, आणि मोटर गाडीवरून उतरवावीही लागत नाही. स्वस्तातला डिजिटल मल्टीमीटर चालेल. घरातल्या कुणाला तरी बटण दाबायला सोबत घ्या, कारण सगळी खरी मोजमापे बटण दाबलेले असतानाच घ्यायची आहेत.

आधी आवाज आणि दिव्यांकडे लक्ष द्या

हेडलाइटवरून अंदाज बांधू नका. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटवरून (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावरून) थेट चालतो आणि इंजिन बंद असताना लागतच नाही. इंडिकेटर, ब्रेकलाइट आणि हॉर्न बॅटरीवर चालतात. चावी चालू करून ब्रेक दाबून ठेवा, ब्रेकलाइटकडे पाहा आणि बटण दाबा.

‘टक्’ झाला आणि ब्रेकलाइट जवळपास तसाच राहिला, तर बॅटरीतून मोठा करंट निघालेलाच नाही. रस्ता कुठेतरी तुटलेला आहे: रिलेचा संपर्क, वायर, अर्थिंग किंवा कार्बन. ‘टक्’ होऊन ब्रेकलाइट विझायला आला, तर करंट निघतो आहे पण कामी येत नाही. मग बॅटरी दमलेली आहे, तिच्या टर्मिनलवर सैल जोड आहे, मोटर आत शॉर्ट आहे किंवा इंजिन अडकलेले आहे. ‘टकटकटक’ असा लागोपाठ आवाज आला तर नव्वद टक्के बॅटरी किंवा तिचे टर्मिनल धरा. रिले ओढला जातो, मोटरने करंट घेताच व्होल्टेज कोसळतो, रिले सुटतो, व्होल्टेज परत येतो, रिले पुन्हा ओढला जातो. काहीच आवाज नसेल तर दोष बारीक वायरच्या बाजूला आहे, त्याचे पुढे पाहू. आणि मोटर ‘घर्रर्र’ करत जोरात फिरते पण इंजिन फिरत नाही, तर विजेचा काही संबंध नाही, वन-वे क्लच (मोटरला इंजिनाशी एकाच दिशेने जोडणारा भाग) गेला आहे.

तुमचा हॉर्न खणखणीत वाजतो म्हणता, पण तो बटण न दाबता वाजवलेला हॉर्न आहे. सेल्फचे बटण दाबलेले ठेवून हॉर्न वाजवा. आवाज तसाच राहिला तर तुमचा दोष पहिल्या प्रकारातला.

बॅटरी नवी असली तरी मोजायची

चार महिन्यांची बॅटरी चांगलीच असेल असे धरू नका. सेल्फवाल्या दीडशे सीसी गाडीला साधारण १२ व्होल्ट ९ अँपिअर-अवरची बॅटरी लागते. किकवाल्या गाडीची २.५ किंवा ५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या जागेत फोम लावून बसवलेली पुष्कळदा सापडते. हॉर्न वाजतो, इंडिकेटर लागतो, पण सेल्फ ओढायचे बळ तिच्यात नसते. बॅटरीवरचा आकडा आधी वाचा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चावी चालू न करता मीटरच्या सुया थेट शिशाच्या खांबांवर टेकवा, बोल्टवर किंवा वायरच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नको. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.० म्हणजे जवळपास रिकामी, तिच्यावर पुढची कोणतीही चाचणी घेण्यात अर्थ नाही. आधी चार्ज करा. ९ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण ०.९ अँपिअरने दहा-बारा तास द्या. कारच्या चार्जरने पाच-सहा अँपिअर ठोकून तासाभरात भरण्याच्या नादात प्लेटा वाकतात.

आता बटण दाबायला सांगा आणि मीटर खांबांवरच ठेवा. इंजिन फिरत असताना आकडा ९.६च्या खाली जाऊ नये. निरोगी गाडीत तो साडेदहाच्या आसपास राहतो. फक्त ‘टक्’ होते आणि आकडा १२.४ वरून १२.२ वर येऊन थांबतो, तर तो पडलेला ०.२ फक्त रिलेच्या गुंडाळीचा (कॉइलचा) आहे, मोटरने काहीच घेतलेले नाही. आकडा सहा-सातवर कोसळला, तर चार्ज केलेली दुसरी चांगली बॅटरी लावून पाहा. तिचाही कोसळला तर मोटर शॉर्ट किंवा जाम आहे.

पाण्याच्या बॅटरीत प्रत्येक खान्याचे हायड्रोमीटर वाचन (अॅसिडची घनता) घ्या. सहापैकी एक खाना बाकीच्यांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून खाली असेल तर बॅटरी बाद समजा, ती कितीही नवी असो. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ‘ताकद यावी’ म्हणून वरून अॅसिड घालण्याची पद्धत बॅटरी मारते.

व्होल्टेज कुठे गळतो ते शोधा

जुन्या गाडीच्या सेल्फचे निम्म्याहून अधिक दोष इथेच सापडतात, आणि नेमका हाच भाग टाळला जातो. म्हणून हे नीट समजून घ्या.

मीटर लावला, मोटरच्या टर्मिनलपर्यंत १२ व्होल्ट आले, म्हणजे वायर चांगली, असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. मीटर जवळपास शून्य करंट घेतो, त्यामुळे कुजलेल्या वायरचा एक तंतू शिल्लक असला तरी पूर्ण १२ दाखवतो. शेतातल्या पाइपात गाळ भरलेला असला तरी कॉक बंद असताना दाब पुरेपूर दिसतो, तसेच हे. खरे काय ते कॉक उघडल्यावर कळते. सेल्फची मोटर इंजिन फिरवताना पन्नास-साठ अँपिअर सहज घेते, सुरुवातीच्या धक्क्याला त्याहूनही जास्त. एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०१ ओम असला, तरी ६० अँपिअरला तिथे ०.६ व्होल्ट जळून जातात. असे तीन जोड असतील तर मोटरला मिळायचे जवळपास दोन व्होल्ट गेले. ०.०१ ओम हा रोध साध्या मीटरच्या ओम रेंजवर दिसतही नाही. म्हणून रोध मोजायचा नाही, करंट वाहत असताना जोडाच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेज मोजायचा.

तयारी अशी. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. पेट्रोलचा कॉक बंद. इंजिन मध्येच सुरू होऊ नये म्हणून प्लग कॅप काढायच्या, पण मोकळ्या सोडायच्या नाहीत. पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनाला दोन प्लग असतात. दोन्ही कॅपमध्ये जुना प्लग घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवून ठेवा. कॅप मोकळी ठेवून सेल्फ मारला तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारे युनिट) किंवा कॉइलवर ताण येतो. बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि दोन दाबांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. पहिले माप: एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी मोटरच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. बटण दाबा. आकडा ०.२ च्या आत हवा. ०.५ किंवा जास्त आला तर अर्थिंग खराब आहे. आकडा थेट १०-१२ आला तर अर्थची वायरच तुटलेली आहे.

दुसरे माप: धन खांब आणि रिलेचा बॅटरीकडचा जाड बोल्ट. ०.२ च्या आत. तिसरे: रिलेचा मोटरकडचा बोल्ट आणि मोटरचे टर्मिनल. इथेही ०.२ च्या आत.

आता चौथे, आणि तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे: रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये. बटण न दाबता इथे बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज दिसायला हवा. दाबल्यावर तो ०.३ च्या खाली यायला हवा.

या चौथ्या मापातून बरेच काही कळते. बटण सोडलेले असताना पूर्ण व्होल्टेज दिसतो, कारण मीटरची दुसरी सुई मोटरच्या कार्बनमधून, आर्मेचरमधून (मोटरच्या आत फिरणाऱ्या भागातून) अर्थपर्यंत पोचलेली असते. तिथे शून्य किंवा भलताच डळमळता आकडा आला, तर मोटरमधून जाणारी वाट तुटलेली आहे: कार्बन संपले, वायर तुटली किंवा मोटरचे अर्थिंग गेले. पूर्ण आकडा आला म्हणजे कार्बन उत्तम असे मात्र नाही, कारण मीटरला केसाएवढा संपर्कही पुरतो. शून्य आला तर दोष नक्की, एवढाच त्याचा अर्थ.

बटण दाबले, ‘टक्’ ऐकू आले आणि आकडा १२ च्या आसपासच राहिला, तर रिले ओढला जातो पण आतली तांब्याची चकती जळलेली असल्याने संपर्क होत नाही. रिले बदला, मोटरला हात लावू नका. आकडा शून्याजवळ आला तरीही मोटर फिरत नाही, तर रिलेने त्याचे काम केले. मग बटण दाबून मोटरचे टर्मिनल आणि मोटरचा धातू यांच्यामध्ये मोजा. तिथे १० व्होल्टांपेक्षा जास्त आहेत आणि मोटर गप्प आहे, तर दोष मोटरमध्ये आहे आणि तुमचा गॅरेजवाला बरोबर आहे.

‘कधी लागतो, कधी नाही’ हे लक्षण जळालेला रिले आणि झिजलेले कार्बन या दोन्हींत येते. दोघांत फरक करायला आणखी एक उपाय आहे. सेल्फ लागत नसताना गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि वीतभर मागे ढकला. मागे ढकलल्यावर इंजिन उलटे फिरते, वन-वे क्लच पकडतो आणि मोटरचे आर्मेचरही हलते. (पुढे ढकलून उपयोग नाही, तेव्हा वन-वे सुटलेला असतो.) परत न्यूट्रल करून बटण दाबा. दर वेळी असे केल्यावरच सेल्फ लागत असेल, तर आर्मेचरच्या ठरावीक जागी कार्बन पोचत नाही, म्हणजे मोटर उघडायला हवी. मोटरवर हातोडी मारून पाहण्याची सवय मात्र सोडा. या मोटरींत चुंबक आतून चिकटवलेले असतात, ते ठोक्याने तडकतात किंवा सुटतात, आणि कार्बनच्या किरकोळ कामाची नवी मोटर होते.

रिलेचे दोन जाड बोल्ट जाड वायरने किंवा इन्सुलेटेड स्क्रू-ड्रायव्हरने क्षणभर जोडून पाहण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. मोटर फिरली तर रिले दोषी, हे खरे. पण ठिणगी मोठी उडते, वर टाकी असते आणि जुन्या कार्बोरेटरची गळती कॉमन आहे. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, पेट्रोलचा वास येत नाही ना, हे दोनदा पाहिल्याशिवाय करू नका. गिअरमध्ये असताना केले तर गाडी थेट पुढे उडी मारते.

अर्थिंग आणि वायर कशा सुधारायच्या

कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत जाड वायर बाहेरून धडधाकट आणि आतून हिरवी असते. लगच्या मागे दोन-तीन सेंटिमीटर प्लास्टिक सोलून पाहा. तांबे हिरवे-काळे झाले असेल तर ते घासून उपयोग नाही, वायर बदला. नवी वायर मल्टिस्ट्रँड तांब्याची, निदान १० चौरस मिमीची घ्या. लग क्रिंप करून वर झाळा आणि हीट-श्रिंक नळी चढवा. घरच्या वायरिंगची सिंगल कोअर वायर वापरू नका, थरथरीने ती तुटते.

इंजिन उतरवून काम झाले असेल किंवा फ्रेम रंगवून, पावडर-कोटिंग करून आणली असेल आणि त्यानंतर सेल्फचा त्रास सुरू झाला असेल, तर सर्वांत आधी अर्थचा बोल्ट उघडा. त्याच्याखाली रंग असतो. बोल्टभोवतीची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत खरडा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन भरून वर लग ठेवणे चुकीचे, संपर्क धातूला धातूचा हवा. बॅटरीच्या खांबांवर पांढरी-हिरवी पावडर असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या खान्यांत जाऊ देऊ नका. वायर काढताना आधी ऋण, लावताना शेवटी ऋण.

‘टक्’सुद्धा येत नसेल तर

करंटचा बारीक रस्ता असा असतो: बॅटरी, मुख्य फ्यूज, चावीचा स्विच, बटण, रिलेची गुंडाळी, आणि मध्ये कुठेतरी क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच. किल स्विच काही गाड्यांत याच रस्त्यात असतो, काहींत फक्त ठिणगी तोडतो. रिलेच्या बारीक वायरांवर टेस्ट लॅम्प लावून बटण दाबा. दिवा लागतो पण रिले बोलत नाही, तर गुंडाळी तुटली. तिचा रोध साधारण ३ ते ६ ओम असतो, अनंत दाखवला तर रिले बाद. दिवा लागत नसेल तर मागे मागे जात राहा.

जुन्या गाडीत सर्वांत जास्त दगा देतात ते क्लच लीव्हरखालचा छोटा स्विच आणि खुद्द सेल्फचे बटण. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नसेल तर क्लच दाबून प्रयत्न करा. त्याने सेल्फ लागला तर न्यूट्रल स्विच किंवा त्याची वायर पाहा. क्लच स्विचच्या दोन वायरी चाचणीपुरत्या जोडून बघता येतात, पण तशाच ठेवून गाडी वापरू नका. गिअरमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे बटण मुलाने दाबले तर काय होईल, याचा विचार करा.

बटणाचे घर उघडताना हँडलवर प्लास्टिकची पिशवी बांधून त्यातच हात घालून उघडा, आतली बारीक स्प्रिंग उडाली तर सापडत नाही. तांब्याचे संपर्क ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा स्विचवर मारणे बंद करा. पावसाळ्यात सुरू होणारा बटणाचा त्रास पुष्कळदा पावसाने नाही, धुण्यामुळे होतो.

हा बारीक रस्ता ‘टक्’ येत असलेल्या गाडीतही मोजायचा असतो, आणि तुम्ही तो नक्की मोजा. बटण दाबून रिलेच्या गुंडाळीवर किती व्होल्ट पोचतात ते पाहा. बॅटरीच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजपेक्षा एक व्होल्टाहून जास्त कमी असतील, तर चावीचा स्विच किंवा बटण गळते आहे. मग रिले अर्धवट जोराने ओढला जातो, चकती नीट दाबली जात नाही, ठिणग्या उडतात आणि संपर्क जळतात. रिले बदलून सहा महिन्यांत पुन्हा गेला, तर कंपनीला दोष देण्याआधी हे माप घ्या.

याच्या उलट दोष म्हणजे संपर्क वितळून चिकटणे. बटण सोडले तरी मोटर फिरतच राहते. चावी बंद करून काही होत नाही, कारण मोठा करंट चावीतून जातच नाही. बॅटरीची वायर ताबडतोब काढावी लागते. म्हणून टर्मिनलला लागणारा पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर गाडीतच ठेवा.

मोटर उघडावीच लागली तर

बॅटरीची ऋण वायर काढा. मोटर दोन बोल्टांनी बसवलेली असते, ती नाकाकडून (इंजिनात शिरलेल्या टोकाकडून) सरळ ओढून काढायची. थोडे ऑइल सांडेल. उघडण्यापूर्वी दोन्ही झाकणे आणि मधला डबा यांवर ओरखडा काढून खूण करा, कारण झाकण फिरवून बसले तर मोटर उलटी फिरू शकते किंवा फिरतच नाही. दोन्ही टोकांच्या वॉशर आणि शिम किती आणि कोणत्या क्रमाने आहेत, याचा फोटो घ्या. टर्मिनल बोल्टच्या इन्सुलेटिंग वॉशरचा क्रमही. त्यातली एक जागा चुकली तरी टर्मिनल अर्थ होते.

कार्बनची लांबी व्हर्नियरने मोजा. लहान मोटरींत नवा कार्बन साधारण १० ते १२ मिमीचा असतो. निम्म्यावर आला की बदला, मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर ती पाळा. लांबी ठीक असूनही कार्बन खाचेत अडकतो आणि स्प्रिंगने पुढे येत नाही, असे पुष्कळदा असते. कार्बनची धूळ आणि ऑइलचा चिखल हे त्याचे कारण. तो चिखल दिसला तर नाकाकडचे सील गळते आहे, सील न बदलता कार्बन बदलणे म्हणजे काही महिन्यांनी तेच काम पुन्हा.

कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, ज्यावर कार्बन घासतात) ४०० किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने गोलाकार फिरवून साफ करा. एमरी पेपर नको, त्याचे कण खाचांत रुतून बसतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांपेक्षा अर्धा मिमी खाली हवा, पातळ घासलेल्या हॅकसॉ ब्लेडने खरवडता येतो. मीटरच्या कंटिन्युइटीवर शेजारच्या पट्ट्या जोडलेल्या दिसल्या पाहिजेत. कोणतीही पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मात्र कंटिन्युइटी अजिबात नको. ती आली तर आर्मेचर गेले. आर्मेचरच्या लोखंडावर एका बाजूला घासल्याची चकाकी दिसली तर बुश झिजून ते चुंबकाला लागते आहे, अशा वेळी पूर्ण मोटर बदलणे परवडते.

बसवताना ओ-रिंग नवी, तिला ऑइलचे बोट. ६ मिमीचे बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. अॅल्युमिनियममधले आटे जोर सहन करत नाहीत.

वन-वे क्लच

‘घर्रर्र’ आवाज आणि इंजिन स्थिर, हे लक्षण असेल तर मॅग्नेटचे कव्हर उघडावे लागते. बहुतेक भारतीय गाड्यांत मॅग्नेटमागे तीन रोलर, तीन स्प्रिंगा आणि त्यांचे पिन असतात. स्टार्टर गिअर एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला लगेच पकडला पाहिजे. मॅग्नेट काढायला त्याच आट्याचा पुलर लागतो. मॅग्नेटवर हातोडी मारली तर चुंबक सुटतात आणि क्रँकचे टोक बिघडते, हे काम पुलर नसलेल्या माणसाकडे देऊ नका.

वन-वे झिजतो तो मुख्यतः इंजिनाच्या उलट धक्क्याने. बॅटरी अर्धी, इंजिन कसेबसे कॉम्प्रेशनपर्यंत चढते, ठिणगी आधीच पडते आणि पिस्टन मागे फेकला जातो. तो सगळा मार रोलरवर बसतो. रॉयल एनफिल्डच्या जुन्या सेल्फवाल्या साडेतीनशे सीसी इंजिनांत स्प्रॅग क्लच (वन-वेचाच एक प्रकार) याच कारणाने तुटतो आणि त्याचा खर्च मोठा आहे. त्या गाडीत बॅटरी दमलेली वाटली तर सेल्फचा नाद सोडून किक मारा.

एक वेगळा धोका जुन्या कार्बोरेटरचा. कॉक चालू राहून रात्रभर फ्लोटची सुई गळली, तर सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते आणि सेल्फ ‘धप्’ करून अडतो, किकही उतरत नाही. अशा वेळी बटण दाबत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, किकने पेट्रोल बाहेर काढा, आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलून मगच सुरू करा.

तुमच्या गाडीसाठी क्रम

आधी बॅटरी १२.६ पर्यंत भरा आणि खांब साफ करा. मग अर्थिंगचे पहिले माप, त्यानंतर थेट रिलेच्या दोन बोल्टांमधले चौथे. तुमच्या वर्णनावरून बटण दाबल्यावरही तिथे १२ च्या जवळपासच आकडा राहील, असा माझा अंदाज आहे, आणि मग काम फक्त रिलेचे. रिले घेताना तुमच्या मॉडेलचाच घ्या, जुना नमुना सोबत न्या, कारण बारीक वायरींची मांडणी गाडीनुसार बदलते. बसवल्यावर गुंडाळीवरचा व्होल्टेज मोजा.

शेवटी गाडी सुरू करून चार ते पाच हजार आरपीएमला बॅटरीच्या खांबांवर मोजा. १३.८ ते १४.८ हवेत. १५ च्या वर गेले तर रेक्टिफायर-रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) गेला आहे आणि तो तुमची नवी बॅटरी उकळतो आहे. १३.२ च्या खाली राहिले तर बॅटरी भरतच नाही. चार्जिंग ठीक असूनही दोन-तीन आठवडे उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद ठेवून ऋण वायर काढा आणि खांब व वायर यांच्यामध्ये मिलिअँपिअरवर मीटर जोडा. गाडीच्या डिजिटल स्पीडोमीटरमधल्या घड्याळाला अगदी किरकोळ करंट लागतो. २० मिलिअँपिअर दिसले, तर दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-अवर गळतो, आणि ९ची बॅटरी अठरा-एकोणीस दिवसांत रिकामी होते. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा मोबाइल चार्जर आधी काढून पाहा. हे माप घेताना सेल्फचे बटण चुकूनही दाबू नका, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडेल.